शेणकिड्याचा मुका पिच्चर

आईचा फोन आला तेव्हा मी निरगुडसरला, माझ्या सासरी, लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसले होते. हात तसेच आंबट, आणि कानाला फोन.

"तू ये," आई म्हणाली. "तुझ्या बापाच्या पोटात काय शिजतंय ते कोनालाच कळंना. रविवारी वाटणीला पावणं बोलावल्यात त्यांनी."

"वाटणी? कुणाची वाटणी?"

"ये म्हनते ना!" असं म्हणून तिनं फोन ठेवलाच. तिच्या मागे कुणीतरी येऊन उभं राहिलं असणार. आमच्या माहेरी त्या वर्षी कुणाच्या ना कुणाच्या मागे कायम कुणीतरी उभं असायचं.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट, उन्हाळ्याच्या सुट्टीतली. मला एकच भाऊ, माझ्यापेक्षा धाकटा. आता एकुलत्या एका मुलापासून बाप वेगळी चूल मांडायला निघाला म्हटल्यावर भावकी काय तोंडात शेण घालेल याची मला तिथं कैऱ्यांसमोरच कल्पना आली. मी फडकं फेकलं, लेकीला घेतलं आणि मंचरची एसटी धरली. मंचरहून नारायणगाव, तिथून ओझरच्या रस्त्यानं जीप. जीपमध्ये बाराजण कोंबलेले आणि सगळे बिबट्याबद्दल बोलत होते. त्या काळात आमच्याकडे माणसं पावसापाण्याच्या आधी बिबट्याचं विचारायची.

माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, बैलबाजारातले दलाल. शेती होतीच, पण खरा जीव बाजारात. दर सोमवारी बेल्ह्याला बैलांचा बाजार भरतो. तिथला सौदा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगते. तिथं खरा भाव चारचौघांत तोंडानं बोलत नाहीत. दलाल खांद्यावरचा टॉवेल काढून हातावर टाकतो, समोरच्याचा हात त्याखाली घेतो आणि त्याची बोटं धरतो. एक बोट धरलं तर एक, तीन धरली तर तीन, सगळा पंजा धरला की पाच. शेकडा की हजार एवढं आधी सांगून ठेवायचं. मग टॉवेलाखाली ओढाताण चालते आणि वर चेहरा दगडाचा. तोंडानं जे चालतं, "आरं राव, बैल हाय का शेरडू", ते सगळं बघ्यांना ऐकवायला. खरं काय ते टॉवेलाखाली.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," आबा म्हणायचे. दुसरं म्हणायचे, "जो आधी हात पुढं करतो तो हारतो." लहानपणापासून आम्ही हे ऐकलेलं. अशा माणसाच्या घरात वाढल्यावर संशय घ्यायला शाळेत जावं लागत नाही. माझा स्वभाव तर असा की दूधवाल्यानं हसून दूध घातलं तरी मी आधी पाणी किती ते बघते.

घरी पोचले तर आई ओट्यावरच उभी. मला पाणी द्यायच्या आधी तिनं मला परसात नेलं.

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

"लई दिवस झालं. आधी नुसतं गप्प गप्प व्हायचं. मी एक इचारलं की भलतंच काहीतरी उत्तर द्यायचं. आता तर त्ये बी न्हाई. मी बोलते आन् ह्ये उठून जात्यात. फोन वाजला तर बघत बसत्यात, उचलत न्हाईत. माझं ऐक, त्यांच्या मनात कायतरी हाय. दलालाची जात, पोटातलं व्हटावर येऊ द्यायची न्हाई." मग तिनं डोळ्याला पदर लावला. "विघ्नहराला नारळ बोललेय मी. आता म्हातारपणी दोन चुली करू का मी? पोरानं असं काय केलंय?"

पोरानं काय केलं ते मी पोराला विचारलं. भाऊ गोठ्यामागं तारेची जाळी आवळत होता. त्याचा आवाज तापलेलाच.

"ताई, मागल्या महिन्यात पहाटं बिबट्या आला. हितं, ह्या जाळीपाशी. कुत्रं भुंकून भुंकून मरायला टेकलं, बैलं दावं तोडायला लागली, मी आतून काठी घेऊन पळत आलो. आन् आबा हितं बाजंवर, गोठ्याच्या दारात! जागचं हाललं न्हाईत. त्वांड भिताडाकडं करून पडल्यालं. मी इचारलं, आबा, उठायचं न्हाई का? तर मलाच म्हनले, 'तू येवढ्या पहाटं माझ्या बैलांपाशी काय करतोस?' आता बोल! मी चोर झालो का?"

"मग तू काय म्हणालास?"

"मी काय म्हननार? बोललो, तुमचीच बैलं, तुमीच संभाळा. त्या दिसापासून बोलनं बंद."

खरं सांगू का, माझा संशय यातल्या कुणावरच नव्हता. माझा संशय भावजयीवर होता. नणंदेचा तो हक्कच असतो. मी स्वयंपाकघरात गेले, सहज म्हणून डबे उघडून बघितले, दुधावरची साय बघितली, आबांच्या ताटात काय पडतं ते जेवताना डोळ्यांत तेल घालून बघितलं. भाकरी गरम, वर तूप, कालवण तेच सगळ्यांना. मला थोडं वाईटच वाटलं.

भावजयीनं ते सगळं ओळखलं. भांडी घासता घासता म्हणाली, "वन्सं, डबं बघून झालं असंल तर एक सांगते. मामंजींना मी इचारते, भाकरी वाढू का? तर म्हनत्यात, 'आळ्याला पानी सोडलंय सकाळीच.' मी आत तुमच्या भावाशी दोन शब्द बोलले, जरा हसले, की मामंजी दारात येऊन उभं. 'काय चाललंय माझ्या माघारी?' मी हसायचं बी सोडलं आता ह्या घरात." तिच्या आवाजात रडू होतं, पण ती रडली नाही. राख घेऊन पातेलं जोरजोरात घासत राहिली.

संध्याकाळी मी आबांपाशी गेले. ते बैलांच्या मधे उभे राहून एकाच्या पाठीवरून हात फिरवत होते. पांढरीशुभ्र जोडी, शिंगं रंगवलेली.

"आबा, काय ऐकतेय मी हे? वाटणी कशाला?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. डोळ्यांत नाही, जरा खाली. सौद्याच्या वेळी ते असेच बघायचे म्हणे, माणूस खोटं बोलताना ओठ कसे हलतात ते. मला राग आला. मी काय बेल्ह्याच्या बाजारातली आहे?

"त्यांनी बोलावली का तुला?" ते म्हणाले. त्यांचा आवाज पहिल्यापेक्षा मोठा झाला होता, तेही मला भांडणासारखंच वाटलं. "पोरी, ह्या घरात आता सगळी बारीक आवाजात बोलत्यात. मला कळू नाय म्हनून. मी आलो की गप. माझी बैलं इकून ट्रॅक्टर आनायचा घाट हाय, मी काय दूधखुळा हाय व्हय? त्यांचं त्यांना लखलाभ. मी न् तुझी आई वायलं ऱ्हातो. बैलं माझी, गोठा माझा."

"अहो, पण कोण म्हणालं बैलं विकायची?"

"तू बी त्यातलीच दिसती," आबा म्हणाले आणि वैरण आणायला गेले.

मी तिथं उभी राहिले आणि मला पहिल्यांदाच भीती वाटली. बाप चुकतो, ओरडतो, ते चालतं. पण बाप आपल्याला परक्याच्या रांगेत उभं करतो, ते कसं सोसायचं? आणि पाहुणे परवावर आले होते.

दुसऱ्या दिवशी शनिवार. दुपारी दोनला वीज यायची, तोवर घर भट्टी. भाच्यानं, म्हणजे भावाच्या मुलानं, आदल्या दिवशीच बापाच्या मागं लागून नारायणगावच्या दुकानातून भाड्यानं एक सीडी आणवली होती. वेष्टनावर एक काळाकुळकुळीत शेणकिडा, आपल्या दुप्पट मोठा गोळा मागच्या पायांनी ढकलणारा. कुठल्या देशाचा पिच्चर होता देव जाणे, वर काय लिहिलं होतं ते आमच्यापैकी कुणालाच लागलं नाही.

वीज आली. सीडी लावली. पंखा फिरला, पडद्यावर डोंगर आला, गवत आलं, शेणाचा पो आला, त्यातून तो किडा बाहेर आला. आणि बोलेचना कुणी.

"आवाज वाढव," आई म्हणाली.

भावानं वाढवला. वारा सुटल्याचं ऐकू आलं, कुठंतरी बेडूक ओरडला. बोलणं नाही.

"वायर ढिली असंल." भावानं लाल-पांढऱ्या वायरी काढून पुन्हा घातल्या. तेच. मग त्यानं सीडी काढून बनियनला पुसली, तोंडाची वाफ सोडून पुन्हा पुसली. तेच.

"फसावलं तुला," आई म्हणाली. "आतलं बोलनं काढून घेतलं आसंल त्यांनी. सस्तात देतो म्हनला व्हता ना?"

"काढून कसं घेतील, आई?"

"का? दुधातली साय न्हाई काढत?"

माझं मत होतं की ही सीडी अर्धीच आहे, दुसरी कुणीतरी दाबली. भावजय म्हणाली, पोरगं सांगत होतं, दुकानदार बोलला होता, "एक बी शब्द न्हाई त्यात, पन पोरं हासत्याल." तर त्यावर भाऊ तिच्यावरच उखडला, "मग आधी सांगायचं न्हाई?" "तुमी आनलीय, तुमालाच सांगितलं त्यानं!" असं आमचं चाललं होतं आणि तिकडे पोरं पडद्याला नाक लावून बसली होती. त्यांना कुणी न बोलण्याचं काहीच वाटलं नव्हतं.

मग मीही बघू लागले. किड्याचा तो गोळा उतारावरून सुटतो आणि थेट मुंग्यांच्या वारुळापाशी जातो. मुंग्या तो आपलाच समजून उचलतात आणि रांगेनं नेतात. किडा त्यांच्या मागे. कधी वाळक्या पानावर बसून पाटातून वाहत जातो, कधी फुटक्या बाटलीत अडकतो, कधी गोगलगाईच्या पाठीवर चढतो आणि ती इतकी हळू चालते की उतरून पायी निघतो. तिथं आम्ही सगळेच हसलो. भावजयसुद्धा, आणि लगेच पदर तोंडावर धरून तिनं दाराकडे बघितलं.

दारात आबा उभे होतेच. हातात वैरणीचा विळा, कपाळाला आठ्या. "काय चाललंय?"

भावानं मान फिरवली. कुणी उत्तर द्यायच्या आत आबांची नजर पडद्यावर गेली. किडा गोळ्याला डोकं लावून, पाय वर करून तो चढावर रेटत होता. वरपर्यंत नेला आणि गोळा त्याच्याच अंगावरून खाली आला, त्याला चपटा करून.

आबा हसले. आम्ही त्यांचं हसणं किती दिवसांत ऐकलं नव्हतं! ते आत आले, विळा कोपऱ्यात टेकवला आणि भिंतीला पाठ लावून बसले. "आगदी आस्साच ढकालतो," ते कुणालाही न बघता म्हणाले. "उलटा हून. गोठ्यामागं बगा, रोज चाललेलं आसतं."

माझ्या लेकीनं सरकून त्यांच्या मांडीवर हात टाकला. ते पुढं झुकले. किड्यानं मुंग्यांना चकवलं तर मांडीवर थाप मारायचे, किडा पाण्यात पडला तर "आर्रर्र" म्हणायचे, आणि कधी नव्हे ते मान वळवून आमच्याकडे बघायचे, आम्हीही हसतोय ना म्हणून. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, चला, विघ्नहर पावला. आता हा पिच्चर संपूच नये.

पण माझा स्वभाव! सुखानं बसवत नाही मला. हा माणूस टीव्हीला हात लावत नव्हता. बातम्या लावल्या की उठून जायचा, मालिका लागली की "सगळी नाटकी" म्हणायचा. मग आजच काय झालं? उद्या पाहुणे यायचेत तर आज हे गोड वागणं कशासाठी? मी पिच्चर सोडून आबांकडेच बघायला लागले.

आणि तेवढ्यात ते झालं. किडा गवताच्या काडीखाली दमून बसला होता. पडद्यावर दुसरं काहीच नव्हतं, नुसतं हिरवं गवत. आणि गवतामागून आवाज यायला लागला. गांधीलमाशीचा. आधी बारीक, मग जवळ, मग अगदी कानाशी. माझ्या अंगावर काटा आला. भाच्यानं कान झाकले. आई "आली गं बया" म्हणून मागं सरकली. भावजयीनं माझा दंड धरला.

आबा हसत होते. त्या दमलेल्या किड्याकडे बघून, निवांत.

मग गवत बाजूला झालं, माशी बाहेर आली, आणि तेव्हा आबा दचकले. आमचं दचकणं झाल्यावर. एकटेच.

माझ्या मनात पाल चुकचुकली. सगळं एकदम नाही सुचलं, पण एक एक समोर यायला लागलं. वाजणारा फोन. आळ्याला सोडलेलं पाणी. भुंकून मरायला टेकलेलं कुत्रं. माझ्या डोळ्यांत न बघता ओठांकडे बघणारे आबा. मी टीव्हीचा रिमोट घेतला. मी आवाज बंद केला.

"ए! आवाज गेला!" पोरं ओरडली.

"बगा, वायर न्हाई, सीडीच खराब," भाऊ म्हणाला आणि उठला. मी त्याचा हात धरून खाली बसवलं आणि डोळ्यांनी आबांकडे खूण केली.

पडद्यावर किडा पळत होता, माशी मागे, मुंग्या इकडून तिकडे. खोलीत फक्त पंख्याची घरघर. आणि त्यात आबा हसत होते. मघासारखेच. मांडीवर थाप मारत होते, "आर्रर्र, पड, पड खाली!" म्हणत होते. आवाज गेल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. पोरंसुद्धा गप्प झाली. भावजयीच्या बोटांची पकड माझ्या दंडावर घट्ट झाली, आणि आई हळूच म्हणाली, "आगं माझे आई."

तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

किड्यानं माशीला बाटलीत कोंडलं. आबा खुशीत वळले, आम्हीही हसतोय ना बघायला. तर आमच्यातलं कुणीच पडद्याकडे बघत नव्हतं. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो.

त्यांचं हसू गेलं. त्यांनी माझ्या हातातला रिमोट बघितला, पडद्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे. चाळीस वर्षं माणसांचे चेहरे वाचलेला माणूस, त्याला सांगायला काही उरलं नव्हतं. ते उठले आणि गोठ्याकडे गेले. विळा तिथंच राहिला.

मी मागे गेले. ते दोन बैलांच्या मधे तोंड पलीकडे करून उभे होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि काही न बोलता स्वतःच्या कानाला बोट लावलं.

त्यांनी आधी माझ्या मागे बघितलं, कुणी येतंय का. मग खांद्यावरचा टॉवेल काढला, उजव्या हातावर टाकला आणि हात जरा उचलला.

बायकांचे हात त्या टॉवेलाखाली जात नाहीत. मी दलालाची लेक, पण मला तो सौदा फक्त लांबून माहीत. मी हात घातला. त्यांचा हात गार पडला होता. त्यांनी माझी तीन बोटं धरली आणि दाबली.

तीन काय? मी दुसऱ्या हातानं खूण केली, ओठ मोठे हलवून विचारलं, "महिने?"

"वर्सं," आबा म्हणाले.

तीन वर्षं! अरे देवा! मला रडायला आलं आणि त्याहून जास्त राग आला. "सांगायचं नाही का कुणाला? दवाखाना नाही का मंचरला?" मी किंचाळलेच. बैलांनी कान टवकारले. आबा माझ्या ओठांकडे बघत राहिले.

"आदी एक गेला, मंग दुसरा," ते म्हणाले. "बाजारात कळलं आसतं तर? भैरा दलाल म्हनले आसते. भैऱ्याच्या म्होरंच मानसं त्याचं वाटोळं ठरवत्यात, त्याला काय कळतंय म्हनून. मी बघितलंय की, डोळ्यानं. टावेलाखाली कान लागत न्हाईत, तितं निभावलं. घरात न्हाई निभावलं. हितं नुसती व्हटं हालत्यात. मी म्हनलं, तोंडानं एक चाललंय, खरं दुसरीकडंच ठरतंय."

आणि आम्ही काय म्हणत होतो? आम्ही म्हणत होतो, दलाल आहे, पोटातलं सांगत नाही. ते आमच्या बोलण्यात बाजार बघत होते आणि आम्ही त्यांच्या गप्प बसण्यात. दुसऱ्या कुठल्या घरात असतं तर शेजारणीनंसुद्धा आठ दिवसांत सांगितलं असतं, "तुमच्या म्हाताऱ्याला ऐकू येत नाही हो!" आमच्याकडे सगळेच हुशार.

मी मागे वळले तर भाऊ गोठ्याच्या दारात उभा. किती वेळ उभा होता कोण जाणे. मी दोघांच्या मधे सरकले, कारण तो तापट आहे आणि आबा त्याहून. आबांनी त्याला बघितलं आणि टॉवेल खांद्यावर टाकायला लागले.

भाऊ पुढं आला. त्यानं आबांच्या खांद्यावरून निम्मा घसरलेला तो टॉवेल ओढून घेतला, स्वतःच्या हातावर टाकला आणि हात पुढं केला.

आधी हात पुढं करतो तो हारतो. हे आम्हा दोघांना बाराखडीच्या आधी शिकवलं होतं, आणि ज्यांनी शिकवलं ते समोर उभे होते. आबा त्या हाताकडे बघत राहिले. भावाचा हात तसाच, टॉवेलासकट, हवेत. मी मनात म्हणत होते, घ्या ना आबा, घ्या.

त्यांनी हात घातला.

मग बराच वेळ टॉवेल हलत होता. एकदा भावानं मान नाही म्हणून हलवली. एकदा आबांनी. दोघांचेही चेहरे मात्र दगडाचे नव्हते, बाजारात गेले असते तर दोघंही लुबाडले गेले असते. शेवटी टॉवेल हलायचा थांबला आणि तसाच राहिला.

"पावण्यांना फोन लाव," आबा मोठ्यानं म्हणाले. "म्हनावं, येऊ नका. काय कारन न्हाई."

भाऊ टॉवेलानंच तोंड पुसत घरात गेला. काय ठरलं म्हणून मी त्याला त्या दिवशी विचारलं, दिवाळीला विचारलं, नंतर आबांना मंचरच्या डॉक्टरांनी कानाचं यंत्र बसवलं, ते खरखर करतं म्हणून आबांनी डब्यात ठेवून दिलं, तेव्हाही विचारलं. बैलं विकली नाहीत, ट्रॅक्टर नंतर आला, तो गोठ्याशेजारीच उभा राहिला. भाऊ नुसता हसतो. मला दाट संशय आहे की त्या टॉवेलाखाली आकडा नव्हताच. पण माझ्या संशयाचं काय धरायचं!

संध्याकाळी जेवणाआधी आबा आपणहून टीव्हीसमोर येऊन बसले. "त्यो किडा लावा," म्हणाले. "गोळा भेटला का न्हाई त्याला?"

भाच्यानं सीडी लावली. वारा सुटल्याचा आवाज आला, बेडूक ओरडला. भावजयीनं रिमोट घेतला आणि कुणाला न विचारता आवाज बंद केला. आम्ही सगळे पुढं सरकून बसलो, कारण आता डोळ्यांनीच बघायचं होतं. गवत आलं, किडा काडीखाली बसला, खोलीत चिडीचूप. गांधीलमाशी बाहेर आली तेव्हा आम्ही सगळे आबांबरोबर दचकलो.